परदेशातले गळेपडू विक्रेते, गंडवागंडवी आणि आपली भीड

गाठोडं
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय कारण पोटात गोळा आलाय. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं इजिप्तला, कैरो आणि लक्झरला निघालोय, मी, नवरा, सासूबाई आणि तेरा वर्षांचा लेक. तिकिटं झाली, व्हिसा झाला, उन्हाची भीती नाही, पोट बिघडायची नाही, भीती आहे ती पिरॅमिडच्या बाहेर उभ्या असणाऱ्या माणसांची. कारण माझा इतिहास वाईट आहे.

तीन वर्षांपूर्वी पॅरिसला मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्चच्या पायऱ्या चढत होते. नवरा फोटो काढत पुढं गेलेला. एक उंच मुलगा हसत समोर आला, हॅलो सिस्टर, व्हेअर फ्रॉम, ओ इंडिया, शाहरुख खान, आणि मी हसले. तेवढंच चुकलं बघा. पापणी लवायच्या आत माझं बोट त्याच्या हातात, बोटाला रंगीत दोरे आणि पठ्ठ्या गोफ विणायला लागला सुद्धा. गिफ्ट आहे म्हणाला. गोफ मनगटावर गच्च बांधून झाला, गाठ अशी की दातांनी सुटणार नाही, आणि मग त्या गिफ्टची किंमत वीस युरो. आजूबाजूला त्याचे आणखी तीन भाऊबंद येऊन उभे. मी घासाघीस करून दहा दिले. दहा युरो गेले त्याचं एवढं काही नाही, पण निघताना मी त्याला थँक्यू म्हटलं ह्याची अजून लाज वाटते.

तर तुमचे अनुभव आणि उपाय लिहा. 'कणखर व्हा' असं लिहू नका, ते जमत असतं तर धागा काढला नसता.

खडूस
हात खिशात. विषय संपला.

गाठोडं
@खडूस, माझ्या ड्रेसला खिसे नसतात हो.

आडवाट
वीस-बावीस देश फिरून झालेत, निम्म्या ठिकाणी गंडलोय, त्यामुळे अधिकारवाणीनं बोलू शकतो. ह्या सगळ्या प्रकारात वस्तू कुठली ते महत्त्वाचं नसतं. त्यांना आधी तुम्हाला फक्त थांबवायचं असतं. चालता माणूस गिऱ्हाईक होत नाही, थांबलेला होतो. म्हणून तर प्रश्न विचारतात, कुठून आलात, किती वाजले, हॉटेल कुठं, कारण प्रश्नाला उत्तर न देणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. मग हातात काहीतरी द्यायचं, दोरा, फूल, रोझमेरीची काडी, कबुतरांसाठी मक्याचे दाणे. एकदा वस्तू हातात आली की परत देताना आपल्यालाच अपराधी वाटायला लागतं. माणसानं आपल्याला काही दिलं तर आपणही द्यावं असं आपल्याला वाटतंच, त्यात वाईट काही नाही, पण ही मंडळी नेमकी त्याच्यावरच जगतात.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते ह्यासाठीच.

उपाय एकच सांगतो. पाय थांबवायचे नाहीत आणि कारण द्यायचं नाही. 'नको, माझ्याकडे आहे' म्हटलं की तो म्हणतो मग आईसाठी घ्या. 'नंतर बघू' म्हटलं की तीन तासांनी तो तुम्हाला बरोबर ओळखतो आणि यू प्रॉमिस्ड म्हणून दावा सांगतो, हे माझ्या बाबतीत जॉर्डनमधल्या पेत्राला झालंय. नुसतं नाही म्हणा, त्याच्या डोळ्यांत न बघता, आणि चालत रहा. पहिले दोन दिवस जिवावर येतं, मग सवय होते.

निळी_छत्री
वाचतेय. माझी भर –

मिलानला दुओमो कॅथीड्रलसमोर ते मक्याचे दाणे हातात कोंबतात, कबुतरं येऊन हातावर बसतात, तुम्ही किंचाळता, फोटो होतो आणि मग फोटोचे नाही तर दाण्यांचे पैसे. फ्लॉरेन्सला चित्रं अशी जमिनीवर पसरतात की गर्दीत पाय पडावाच, पाय पडला की आरडाओरडा, भरपाई द्या. स्पेनमध्ये ग्रनादाला कॅथीड्रलपाशी बायका रोझमेरी देऊन हात बघायला लागतात, भविष्य चांगलंच निघतं, फक्त पैसे कमी दिले तर लगेच बिघडतं. रोमला कलोसियमबाहेर ग्लॅडिएटरच्या पोषाखातले लोक खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतात आणि मग आकडा सांगतात.

पण मला खरी भीती वाटते ती कागदवाल्या मुलींची. पॅरिसला आयफेलपाशी, लूव्हर संग्रहालयापाशी पाच-सहा जणी फळ्यावर कागद लावून येतात, मूकबधिरांसाठी सही करा अशी खूण करतात. सही केली की देणगी मागतात, पण खरी गोम त्या फळ्यात आहे, तो तुमच्या पर्सच्या बरोब्बर वर धरतात आणि खालून दुसरीचा हात काम करतो. माझ्या मैत्रिणीचा फोन असाच गेला, सही इतकी सुंदर केली होती तिनं.

खडूस
थोडक्यात सगळे चोर. पोलीस काय करतात तिकडचे?

हिशेबनीस
@खडूस, इथंच मला गल्लत होऊ द्यायची नाहीये. मी बार्सिलोनात सहा वर्षं राहिलो, ह्या लोकांना रोज बघितलंय. दोन वेगळी माणसं आहेत ही. एक विकणारा आणि दुसरा ठकवणारा.

रस्त्यावर चादर पसरून पर्सेस, गॉगल विकतात ना, तिकडे त्याला टॉप मांता म्हणतात आणि विकणाऱ्यांना मांतेरो. चादरीच्या चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधलेल्या असतात, पोलीस दिसले की दोऱ्या ओढायच्या, दुकानाचं गाठोडं होतं (धागाकर्तीनं नाव मनावर घेऊ नये) आणि माणूस पसार. ह्यातले बरेच सेनेगलहून आलेले, कागदपत्रं नाहीत म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून कागदपत्रं मिळत नाहीत. मागे लागतात, कंटाळा येतो, मान्य. पण आयफेलची किल्ल्यांची साखळी विकणारा माणूस तुमचं काही चोरत नाही, साखळीच विकतो. त्याला नम्रपणे नाही म्हटलं तर नव्वद टक्के वेळा तो पुढच्याकडे जातो, त्यालाही वेळ वाया घालवणं परवडत नाही.

फक्त एक, ब्रँडेड नक्कल घेऊ नका. इटलीत नकली माल विकत घेणाऱ्या गिऱ्हाईकालाही दंड आहे, ३०० ते ७००० युरो. विकणारा पळून जातो आणि पर्स हातात घेऊन तुम्ही उभे.

पाकीटमार हा वेगळाच धंदा, तो टोळीचा. लूव्हरच्या कर्मचाऱ्यांनी २०१३ च्या एप्रिलमध्ये पाकीटमारांच्या त्रासाला वैतागून काम बंद केलं होतं, संग्रहालय दिवसभर बंद. २०१५ च्या मे महिन्यात आयफेलच्या कर्मचाऱ्यांनीही तेच केलं. म्हणजे पोलीस काय करतात हा तुमचा प्रश्न तिथल्या लोकांनाही पडलेला होताच.

खडूस
बरं बरं, सगळे चोर नाहीत. पण दहा युरोचा गोफ बांधणारा कोणात धरायचा ते सांगा.

हिशेबनीस
तो मधला. विकतो पण हात सोडत नाही. हात धरला की माझ्या लेखी विक्री संपली.

दोन_तिकिटं
इस्तंबूलचा बूटपॉलिशवाला राहिला की!! आम्ही गलाता पुलाकडे चाललो होतो आणि पुढं एक म्हातारा पॉलिशची पेटी खांद्यावर टाकून चाललेला आणि त्याचा ब्रश पडला, आता माणूस म्हणून आपण काय करतो, मी धावत जाऊन ब्रश उचलून दिला, त्यानं माझे हात हातात घेतले, छातीला लावले, डोळ्यांत पाणी, तुम्ही देवमाणूस म्हणे, आणि म्हणाला मी तुमचे बूट फुकट पॉलिश करतो, नाही म्हणायचं नाही, मी म्हटलं अहो माझे कापडी बूट आहेत, तरी त्यानं पेटी मांडली आणि माझा पाय त्या पेटीवर, आणि पॉलिश करता करता गावाकडचं पोर आजारी, ऑपरेशन, आणि शेवटी दोघांच्या बुटांचे म्हणून जे मागितलं त्यात नवीन बूट आले असते. दिले थोडे. दोन दिवसांनी त्याच पुलावर तोच म्हातारा तोच ब्रश पाडत होता आणि एक जर्मन धावत होता.

आडवाट
@दोन_तिकिटं हसून हसून पुरेवाट. कापडी बूट!

बार्सिलोनाला ह्याचा उलटा प्रकार असतो, तिथं तुमच्या अंगावर काहीतरी पडतं. पाठीवर हिरवट-पांढरं पातळ, पक्ष्यानं घाण केल्यासारखं, आणि लगेच एक सज्जन जोडपं टिश्यू घेऊन पुसायला हजर. पुसून घेऊ नका. तसेच चालत एखाद्या दुकानात किंवा हॉटेलात शिरा आणि स्वतः पुसा. एवढ्या तत्परतेनं टिश्यू घेऊन कुणी फिरत नसतं.

सध्या_घरीच
बँकॉकचा अनुभव लिहितो, जरा मोठा आहे.

ग्रँड पॅलेसला चालत निघालो होतो, साधारण सकाळचे साडेनऊ. भिंतीच्या कडेनं जाताना इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात कसलंसं ओळखपत्र अडकवलेला एक गृहस्थ आला. विकायला हातात काही नाही, मागे लागणं नाही, उलट काळजीनं बोलला की आज पॅलेस सकाळी बंद आहे, धार्मिक कार्यक्रम आहे, एक वाजता उघडेल, तोवर तुम्ही उभ्या बुद्धाचं देऊळ बघून या, हा टुकटुक सरकारी आहे, वीस बाटमध्ये सगळं दाखवेल. नकाशावर गोल करून दिले. मी त्याचे आभार मानले (इथंही थँक्यू, ताई तुम्ही एकट्या नाही).

देऊळ खरंच दाखवलं. देवळात आणखी एक 'सहज भेटलेला' माणूस, तो म्हणाला आज रत्नांच्या सरकारी सेलचा शेवटचा दिवस, मी दरवर्षी घेतो आणि बाहेर दुप्पट भावानं विकतो. आता दोन अनोळखी माणसं एकच गोष्ट सांगतायत म्हटल्यावर खरंच वाटतं ना. मग टुकटुक थेट रत्नांच्या दुकानात. तिथून शिंप्याकडे. मी काही घेत नाही म्हटल्यावर टुकटुकवाल्याचा चेहरा पडला, त्यानं सरळ सांगितलं की नुसतं दहा मिनिटं बसा, मला पेट्रोलचं कुपन मिळतं. तिसऱ्या दुकानानंतर त्यानं मला भलत्याच रस्त्यावर सोडलं, वीस बाटही घेतले नाहीत.

पॅलेस अर्थातच उघडा होता. जवळजवळ रोज उघडा असतो, साडेआठ ते साडेतीन, आणि मी पोचलो तेव्हा पावणेचार. एखादं ठिकाण बंद आहे हे त्याच्या दारात जाऊन, तिकीट खिडकीवरच ऐकायचं, रस्त्यावर नाही. तिथं टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५ आहे, इंग्रजीत बोलतात.

निळी_छत्री
अगदी अगदी. मराकेशच्या जुन्या शहरात हेच 'तो रस्ता बंद आहे' म्हणून सांगतात, पोरंटोरं असतात, मी दाखवतो चला म्हणतात आणि गल्लीबोळातून फिरवून पैसे मागतात. तिथल्या जमा अल-फना चौकात मेंदीवाल्या बायका हात धरून थेट काढायलाच लागतात. काळी मेंदी असेल तर हात झटकाच, संकोच करू नका, त्यात केस रंगवायचं पीपीडी नावाचं रसायन घालतात आणि कातडीवर फोड येतात, डाग महिनोन्‌महिने राहतात. तिथं पैशांपेक्षा हात महत्त्वाचा.

उंबरठा
बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच लिहितोय. हे मी घरी पण सांगितलेलं नाही.

कामासाठी शांघायला गेलो होतो, रविवारी मोकळा होतो. पीपल्स स्क्वेअरपाशी दोन मुलींनी त्यांचा फोटो काढून द्यायला सांगितला. काढला. कुठले, काय करता, आम्ही दुसऱ्या शहरातून आलोय, विद्यार्थिनी आहोत, इंग्रजीचा सराव करायचाय. वीस मिनिटं रस्त्यातच छान गप्पा झाल्या. हे वीस मिनिटांचं मुद्दाम लिहितोय कारण इथं कुणी घाई करत नाही, हात धरत नाही, काही विकत नाही. मग त्या म्हणाल्या आम्ही पारंपरिक चहाचा कार्यक्रम बघायला चाललोय, येताय का. एकटा होतो, चार दिवस मीटिंगशिवाय कुणाशी बोललो नव्हतो. गेलो.

छोटी खोली, पडदा, पारंपरिक वेशातली बाई, सहा-सात प्रकारचे चहा, अंगठ्याएवढ्या कपातून, प्रत्येकाची गोष्ट. छान होतं हो, अजूनही वाटतं छान होतं. बिल आलं हजार युआनच्या पुष्कळ वर. मुलींनी पर्स काढून त्यांचा वाटा दिला, त्यामुळे मी काय बोलणार, मीही माझा दिला, कार्डानं. बाहेर येऊन त्यांनी निरोप घेतला, ईमेल पण घेतला. रात्री हॉटेलवर सहज शोधलं तर तंतोतंत माझीच गोष्ट दुसऱ्या पन्नास जणांनी लिहिलेली, फोटो काढून देण्यापासून. बीजिंगला तर हे त्याहून जोरात चालतं म्हणे.

पैसे कंपनीच्या कामावरचा माणूस म्हणून परवडले. पण त्या वीस मिनिटांत मला ज्या दोन माणसांशी बोलून बरं वाटलं होतं, ती गेली. आजही परदेशात कुणी फोटो काढून द्या म्हटलं की मी आधी आजूबाजूला बघतो.

दोन_तिकिटं
@उंबरठा, लिहिलंत ते बरं केलंत. मगाशी माझ्या कापडी बुटांवर सगळे हसले पण तुमचं वाचून गप्प झालो.

हिशेबनीस
+१. आणि ह्यात बावळटपणा अजिबात नाही. इस्तंबूलला ह्याचीच बारची आवृत्ती आहे, एकटा पुरुष बघून गप्पा मारतात, 'मी पण इथं पाहुणाच', चल एक बियर घेऊ, आणि बिल येतं तेव्हा दाराशी दोन आडदांड उभे असतात. सूत्र एकच आहे, जागा ते निवडतात. कुणाशी गप्पा मारायला हरकत नाही, नाहीतर प्रवास कशाला करायचा, पण बसायची जागा आपण निवडायची. 'मला हे समोरचं कॅफे आवडलंय, इथं बसू' म्हणा. खरा माणूस असेल तर बसेल, नाहीतर त्याला एकदम काम आठवेल.

उंबरठा
हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

पाव_तिकीट
मीही एक टाकतो, न्यूयॉर्क. बॅटरी पार्कच्या आसपास जॅकेट घातलेले लोक स्वातंत्र्यदेवीच्या बोटीची तिकिटं म्हणून काहीही विकतात, काही तर स्टॅटन आयलंड फेरीची. ती फेरी फुकट आहे. सगळ्यांना, कायम. पुतळा लांबून दिसतो तिच्यावरून. आणि टाइम्स स्क्वेअरला कार्टूनच्या पोषाखातल्या कुणाच्याही जवळ लेकरू पाठवू नका, एकाबरोबर फोटो काढला की आणखी तिघं फ्रेममध्ये येतात आणि चौघंही हात पसरतात.

खडूस
आणि तो तीन पेले-एक गोळीचा जुगार, गोळी कुठल्या पेल्याखाली ते ओळखायचं? लंडनला वेस्टमिन्स्टर पुलावर बघितलं, एक बाई सारखी जिंकत होती. मी पन्नास पौंड काढलेच होते.

आडवाट
ती बाई त्यांचीच. मागे उभे राहून 'डावीकडचा, डावीकडचा' सांगणारे काका पण त्यांचेच. गर्दीत त्यांचा नसलेला एकच माणूस असतो, तो म्हणजे पन्नास पौंड काढणारा. तुम्ही आणि भुललात होय @खडूस? गंमत करतोय, हलकं घ्या.

खडूस
हात खिशात होते म्हणूनच पाकीट सापडलं पटकन.

हिशेबनीस
पैशांचं घाईघाईत लिहून ठेवतो.

एटीएम किंवा कार्डाचं मशीन विचारतं, तुमच्या देशाच्या चलनात की इथल्या? नेहमी इथल्या. तुमच्या चलनात म्हटलं की दर त्यांच्या मर्जीचा. ह्याला कुणी फसवणूक म्हणत नाही कारण बटण तुम्ही दाबलेलं असतं.

प्रागला शून्य टक्के कमिशनच्या पाट्यांना भुलू नका, कमिशन शून्य आणि दर भिकार. पण २०१९ पासून तिथं कायदा आहे, अधिकृत दुकानात हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून पैसे परत घेता येतात, पावती जपा. रस्त्यावर 'चेंज?' म्हणून कुजबुजणाऱ्याकडे मात्र कुठलाच कायदा नाही, तो भलत्याच देशाच्या नोटा हातात ठेवतो.

व्हिएतनामला वीस हजार आणि पाच लाख डाँगच्या दोन्ही नोटा निळ्या. पंचवीस पटीचा फरक. टॅक्सीत अंधारात देऊ नका.

इटलीत माशाचा भाव मेन्यूवर बहुतेक वेळा शंभर ग्रॅमचा असतो, एत्तो म्हणतात त्याला. मासा दाखवून 'हा आणू?' विचारतात, तुम्ही मान हलवता आणि तो निघतो दीड किलोचा. आधी वजन आणि पूर्ण किंमत विचारा. २०१८ मध्ये व्हेनिसला चार जपानी विद्यार्थ्यांना साध्या जेवणाचं ११०० युरोच्या वर बिल लावलं होतं, तेव्हा महापौरांपर्यंत गाजलं ते प्रकरण.

बिनधास्त_काकू
आता गाठोडं, तुझ्यासाठी इजिप्तचं लिहिते. मी दोनदा जाऊन आलेय, एकदा एकटी.

घाबरू नकोस गं. तिथं मारझोड नाही, चोऱ्या फार नाहीत, आहे ते तोंडाचं काम, आणि तोंडात तू कमी नाहीस हे इथल्या इतर धाग्यांवरून माहितीय.

तीन शब्द पाठ कर. ला, शुक्रान, खलास. ला म्हणजे नाही, शुक्रान म्हणजे आभार, खलास म्हणजे पुरे, संपलं. बक्षीस हा शब्द शिकावा लागणार नाही, तो आपल्याकडे जसा आहे तसाच तिकडे आहे, फक्त तिकडे तो दिवसात चाळीस वेळा ऐकू येतो. लक्झरला थडग्यांमध्ये राखणदार स्वतःहून टॉर्च मारतो, 'इकडे या, हे बघा' करून कोपऱ्यातलं चित्र दाखवतो आणि मग हात पुढं. चित्र भिंतीवर होतंच, तू बघितलंच असतंस. पण मी द्यायची थोडं, सुट्ट्या लहान नोटा वेगळ्या खिशात ठेवायच्या, मोठी नोट काढली की सुट्टे नसतात हे ठरलेलं. तो राखणदार काही गबर होत नाही त्यात. नको वाटलं तर त्याच्या मागं जायचंच नाही, इतकं सोपं.

उंट. उंटाची गोष्ट सगळे सांगतात पण खरी आहे, चढायचा भाव वेगळा आणि उतरायचा वेगळा. उंट उभा राहिला की तू आठ फुटांवर असतेस आणि उंट बसवणं त्याच्या हातात. म्हणून बसायच्या आधी फोनच्या कॅल्क्युलेटरवर आकडा टाइप करून दाखवायचा आणि बोलायचं, हा आकडा, इजिप्शियन पाउंडमध्ये, सगळ्यांचा मिळून, चढणं उतरणं दोन्ही धरून, फोटोही धरून. पाउंड कुठले हे बोलायला विसरू नकोस, लक्झरच्या घोडागाडीवाल्यानं मला पाच पाउंड म्हणून बसवलं आणि उतरताना म्हणे ब्रिटिश. गिझाला, म्हणजे पिरॅमिडपाशी, २०२५ पासून फायूम रस्त्याकडचं नवीन प्रवेशद्वार सुरू झालंय, आत इलेक्ट्रिक बस फिरतात, त्यामुळे उंट पूर्वीइतका अपरिहार्य नाही. सासूबाईंना बसमधूनच दाखव.

आणि पपायरस, म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडापासून केलेला तिथला जुन्या पद्धतीचा कागद, चित्रं काढून विकतात तो. ड्रायव्हर सांगेल की पपायरस म्युझियम बघू, ते दुकान असतं. अत्तराचा कारखाना, अलाबास्टरचा (संगमरवरासारखा दगड गं) कारखाना, सगळी दुकानंच, ड्रायव्हरचं कमिशन असतं. सकाळी गाडीत बसतानाच सांगायचं की कुठल्याही दुकानात थांबायचं नाही, हवं तर दिवसाच्या शेवटी वर थोडे जास्त देईन. रस्त्यावर स्वस्तात मिळतो तो पपायरस बहुतेक केळीच्या पानाचा असतो. खरा असेल तर उजेडासमोर धरल्यावर आत उभे-आडवे धागे जाळीसारखे दिसतात आणि हलकेच वळवला तर तडकत नाही.

गाठोडं
काकू, पाया पडते. हे सगळं छापून घेतेय.

लेकाला काय सांगू? तो लहान मुलं विकायला आली की विरघळतो, आणि मला त्याचं विरघळणं मोडायचं नाहीये.

सध्या_घरीच
हा अवघड प्रश्न. कंबोडियात सिएम रीपला एक मुलगी कडेवर बाळ घेऊन आली, पैसे नको म्हणाली, फक्त बाळासाठी दुधाची पावडर घेऊन द्या. ह्याच्याइतकं निर्मळ काय असणार, आम्ही तिनं दाखवलेल्या दुकानातून मोठा डबा घेऊन दिला. दुसऱ्या दिवशी कळलं की डबा परत त्याच दुकानात जातो आणि पैसे वाटून घेतात. बाळही तिचं असेलच असं नाही. तिथं मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था सांगतात की मुलांकडून विकत घेऊ नका, मूल जितकं कमावतं तितकं त्याला शाळेत पाठवणं घरच्यांना परवडेनासं होतं. मला पटतं. तरी त्या मुलीला नाही म्हणून मी पुढं गेलो असतो का, माहीत नाही.

बिनधास्त_काकू
मी मुलांकडून घेत नाही, पण बोलते. नाव विचारते, माझं सांगते. कधी कधी त्यांनाही तेवढंच हवं असतं, कधी नसतं, मग दोन शिव्या देऊन जातात. तुझ्या लेकाला बोलू दे गं, फक्त पाकीट तुझ्याकडे ठेव.

अवांतर, एक भन्नाट उपाय राहिलाच. मराठीत बोला. खरंच. इंग्रजी त्यांना येतं, हिंदी कामचलाऊ येतं, कैसे हो, सस्ता है, अमिताभ बच्चन, सगळं येतं. मराठी बोललात की त्यांच्याकडे पुढचं वाक्य नसतं. मी मराकेशला एका गालिचेवाल्याला 'अहो दादा, घरी आधीच दोन आहेत, कुठं अंथरू?' असं तीनदा ऐकवलं, चौथ्यांदा त्यानं मलाच वाट मोकळी करून दिली.

आडवाट
पण काकू, कारण द्यायचं नाही असं वर मी लिहिलंय ना!

बिनधास्त_काकू
त्याला कळलंच नाही तर ते कारण कसलं.

गाठोडं
धागा वर काढतेय, परवाच परतलो. वृत्तांत थोडक्यात.

गिझा निभावलं. बसनंच फिरलो, पण लेकाला उंट हवाच होता, मग काकूंच्या पद्धतीनं कॅल्क्युलेटर काढला. आकडा, इजिप्शियन, दोघांचा मिळून, चढणं-उतरणं धरून, फोटो धरून. उंटवाला एवढा हसला की विचारू नका, त्यानं शेजारच्या उंटवाल्याला बोलावून माझा फोन दाखवला, तोही हसला. पण ठरल्या पैशात उतरवलं. उतरल्यावर बक्षीस मागितलं, ते दिलं, कारण लेकाचा चेहरा बघण्यासारखा होता.

'वेलकम टु इजिप्त' म्हणत एकानं नवऱ्याच्या डोक्याला रुमाल गुंडाळला, मी 'ला शुक्रान' म्हणत तो काढून त्याच्या खांद्यावर ठेवला आणि चालत राहिले. हात थरथरत होता पण पाय थांबले नाहीत. @आडवाट, नोंद घ्यावी.

खरी कमाल सासूबाईंची. लक्झरला एका अलाबास्टरच्या दुकानात (हो, ड्रायव्हरनं नेलंच) त्या खुर्चीवर बसल्या आणि दुकानदाराशी मराठीत घासाघीस सुरू केली. तो अरबीत, त्या मराठीत, मध्ये कॅल्क्युलेटर. 'अरे बाबा, एवढ्याशा दिव्याचे एवढे?' तो छातीवर हात ठेवून शपथा घेतोय, ह्या मान हलवतायत. अर्धा तास चाललं, त्यानं जास्वंदीचं सरबत पाजलं, पहिल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात दिवा आला आणि निघताना त्यानं सासूबाईंना वाकून नमस्कार केला. कुणी कुणाला गंडवलं ते मला अजून कळलेलं नाही.

हिशेबनीस
हा विकणारा. आणि ह्या घेणाऱ्या.

दोन_तिकिटं
सासूबाईंना आयडी काढून द्या इथं, आम्हाला हव्यात.

बिनधास्त_काकू
छानच गं! आणि पपायरस? घेतलास का?

गाठोडं
घेतला. एक खूप गोड म्हातारे होते, नातीचे फोटो दाखवले त्यांनी. घरी येऊन उजेडासमोर धरला.

केळीचा आहे.